उंची कमी म्हणून जुळी बाळं लहानच होतील का?

तुमची उंची १५० सेंमी, दिवस राहण्याआधीचं वजन ४६ किलो, आता बावीसावा आठवडा, आणि घरचे म्हणताहेत, 'आईच एवढीशी, पोरं कुठून बाळसेदार होणार!' घरच्यांचं अगदीच चूक नाही, पण उंचीला ते जरा जास्तच भाव देताहेत.

आईच्या चणीचा परिणाम होतो हे जुनंच ठाऊक आहे. १९३८ मध्ये वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी धिप्पाड शायर घोडे आणि शेटलंड तट्टू यांचा संकर केला. आई शायर असली की शिंगरू मोठं, आई शेटलंड असली की लहान. म्हणजे बाप कितीही दांडगा असो, पोटातल्या वाढीला लगाम आईचा. माणसांतही उंच बायकांची बाळं सरासरीने थोडी वजनदार असतात, पहिलटकरणीची थोडी हलकी.

जुळ्यांत मात्र उंचीपेक्षा आठवडे जास्त बोलतात. साधारण २८ ते ३२ आठवड्यांपर्यंत जुळी एकट्या बाळाच्या बरोबरीने वाढतात, पुढे वेग मंदावतो. त्यात बरीचशी जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात. त्यामुळे अडीच किलोच्या खालचं जुळं ही रोजचीच गोष्ट आहे. उंच आईचंही असतं.

तुमच्या हातात उंची नाही, वजन थोडंफार आहे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण २० येतो, तो नॉर्मल. अशा आईने जुळ्यांत एकूण १७ ते २५ किलो वाढावं असं अमेरिकेतल्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आकडा ऐकून दचकू नका, आणि त्याच्यामागे लागून कोंबूनही खाऊ नका; आतापर्यंत किती वाढलंय ते डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवा.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट मात्र आजच बघा: वार (प्लॅसेंटा) एक की दोन? एकच असेल तर दोघांत तिची वाटणी असमान होऊ शकते, आणि तिथे आईच्या चणीचा काही संबंध नसतो. म्हणून अशा जुळ्यांची सोनोग्राफी साधारण दर दोन आठवड्यांनी करतात, वेगळ्या वारा असल्या तर चार. दोघांच्या वजनांतला फरकही बघतात: एक १८०० ग्रॅम, दुसरं १४०० असेल तर फरक २२ टक्के, आणि २०-२५ टक्क्यांच्या पुढे डॉक्टर सावध होतात. अर्थात सोनोग्राफीतलं वजन अंदाजच, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतं. एका रिपोर्टवरून रात्र जागवू नका, दोन-तीन रिपोर्ट शेजारी ठेवून बघा.