हर्नियाच्या ऑपरेशनला सहा महिने झाले, तरी जांघेत दुखतंय. हे मनाचे खेळ आहेत का?

तुम्ही लिहिलंय की वय २६, जाळी बसवली, टाके कधीच भरले, तरी जांघेत आग होते आणि घरचे म्हणतात मनाला लावून घेतलंस. मनाचे खेळ अजिबात नाहीत हे.

मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. माझं ओपन ऑपरेशन २७व्या वर्षी झालं. चौथ्या महिन्यातही पँटचा बेल्ट व्रणाला टेकला की करंट बसायचा. गाडीवर टांग टाकताना कळ थेट अंडकोषात उतरायची, आणि व्रणाखालची चार बोटं जागा मात्र बधीर. "जाळी जागेवर आहे, काही झालेलं नाही," एवढंच सर्जन म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन रडलो मी.

उलगडा केला तो दुखण्यावर उपचार करणाऱ्या भूलतज्ज्ञांनी. जांघेतून तीन बारीक नसा जातात. ऑपरेशनमध्ये एखादी दुखावते, टाक्यात सापडते, नाहीतर जाळीभोवती जून होणाऱ्या व्रणात अडकते. तीन महिन्यांच्या पुढेही त्रास देणारं दुखणं शंभरात दहा-बारा जणांना राहतं. रोजचं काम अडेल इतकं फार थोड्यांना. तरुण वय आणि ऑपरेशनआधीच जास्त दुखत असणं, दोन्हींनी धोका वाढतो. माझं दोन्ही होतं.

डॉक्टरांना नुसतं "दुखतं" सांगू नका. आग, करंट, बधीरपणा, कापड सहन न होणं, सगळं वेगवेगळं सांगा. मी बॉलपेनने पोटावर दुखणाऱ्या जागेची रेघ आखून गेलो होतो, त्यावरूनच त्यांनी नस ओळखली. हर्निया परत आला नाही ना, हे आधी सोनोग्राफीत बघून घ्या. मग नसेजवळ बधिरतेचं इंजेक्शन देतात. तेवढ्यापुरतं दुखणं गेलं तर नस सापडली असं समजतात. मला तीन लागली. सोबत प्रीगॅबॅलिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी होती, तिने झोप येते. मागावर डुलकी म्हणजे बोटं गेली, म्हणून मी फक्त रात्रीच घ्यायचो, डॉक्टरांना विचारूनच. ती गोळी मनाने एकदम बंद करू नका. नस कापणं, जाळी काढणं हे सगळ्यात शेवटी, आणि ते नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच.

फुगवटा परत आला, कडक झाला, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर मात्र थेट कॅज्युअल्टी गाठा, रात्र असली तरी.

वजन उचलण्याचं विचारलंत. बीम, म्हणजे मागावरचा सुताचा जड रूळ, आता आम्ही दोघं मिळून ट्रॉलीवर चढवतो. यंदा गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत, मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजाला खांदा दिला नाही, पण मिरवणुकीबरोबर शेवटपर्यंत चाललो, बेल्ट लावून.