आजी, आई आणि नातीचं एकच पुस्तक

प्रश्न: आमच्या घरात सध्या हॅरी पॉटरच्या एकाच सेटवरून ओढाताण चालू आहे. मुलगी १० वर्षांची, ती चौथ्या भागात आहे, मी कॉलेजात असताना वाचलेला सेट परत पहिल्यापासून वाचतेय आणि माझी आई, वय ६८, जिने आयुष्यात कधी जादूबिदूचं पुस्तक हातात धरलं नव्हतं, ती नातीला वाचून दाखवता दाखवता अशी अडकली की नात झोपली की पुढचं एकटीच वाचत बसते. मुलांची इतकी पुस्तकं घरात आली आणि गेली पण असं कशाचंच झालं नाही. मुलांसाठी लिहिलेली फँटसी सिरीज मोठ्यांनाही एवढी का धरून ठेवते?

उत्तर: तुमच्या आईंना आधी एक विचारा, त्यांना कुठल्या प्रसंगाला रडू आलं. मग तोच प्रश्न मुलीला विचारा. माझी खात्री आहे की दोघींची उत्तरं वेगळी येतील, आणि मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

बॉगर्टचंच बघा ना. तिसऱ्या भागात बॉगर्ट येतो, कपाटात लपून बसणारा प्राणी, समोरच्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती त्याचं रूप घेतो. हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलला भीती वाटते ती त्यांच्या स्नेप सरांची, म्हणून स्नेप बाहेर येतात आणि मंत्र म्हटला की नेव्हिलच्या आजीच्या कपड्यांत उभे राहतात, पोरं खो खो हसतात, वाचणारी पोरंही हसतात. मग पाचव्या भागात तोच बॉगर्ट हॅरीच्या मित्राच्या आईच्या, मिसेस वीझलींच्या समोर येतो आणि त्यांना दिसतात त्यांच्या मुलांचे मृतदेह, एकामागून एक, त्यात हॅरीसुद्धा, आणि ती एवढी खंबीर बाई रडत उभी राहते, तिच्या तोंडून मंत्र धड निघत नाही. प्राणी तोच, नियम तोच. मुलांसाठी तो क्लासमधला धमाल तास होता, आईसाठी रात्री झोप उडवणारी गोष्ट. मी तो प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा पटकन पुढे गेलो होतो, स्वतःला मूल झाल्यावर परत वाचला तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसलो.

म्हणजे मुलांना आवडेल असं थोडं आणि मोठ्यांना आवडेल असं थोडं, अशी मिसळ केलेली नाहीये इथे. गोष्ट एकच आहे, फक्त मूल ती पुढे बघत वाचतं, मी मोठा झालो की असा होईन, मला अशी शाळा मिळेल, असे मित्र मिळतील, आणि मोठा माणूस मागे वळून वाचतो, कोण कोण गेलं, काय करायचं राहून गेलं. पहिल्या भागातला तो आरसा आठवतोय? मनातली सगळ्यात खोल इच्छा दाखवणारा. हॅरीला त्यात त्याचे आईवडील दिसतात आणि तो रात्री रात्री जाऊन त्याच्यासमोर बसतो. १० वर्षांच्या मुलीला वाटतं, वा, आईबाबा दिसले त्याला! ज्यांनी आपले आईवडील गमावलेत त्यांना मात्र कळतं की तो तिथून उठू का शकत नाही. लेखिका रोलिंगबाई पहिलं पुस्तक लिहीत होत्या त्याच काळात, १९९० च्या शेवटी, त्यांची आई गेली. ते दुःख त्या पानांत उतरलंय, आणि मुलांचं पुस्तक आहे म्हणून त्यांनी ते पातळ केलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच मुलांच्या पुस्तकांत लेखक खाली वाकून बोलतो, आवाज बारीक करून, आणि मुलांना ते लगेच कळतं, मोठ्यांना तर पहिल्या पानावरच कंटाळा येतो.

आणखी एक गंमत, पहिल्या भागाची सुरुवात परत काढून वाचा. ती मुलापासून होतच नाही. ड्रिल बनवणाऱ्या कंपनीतला एक मध्यमवयीन माणूस सकाळी ऑफिसला निघालाय आणि आपला नायक त्या प्रकरणात अजून दुपट्यातलं बाळ आहे.

सिरीज असण्याचाही मोठा वाटा आहे. पहिल्या भागात हॅरी ११ वर्षांचा होतो, शेवटी तो १७ चा असतो, आणि पुस्तकं आली १९९७ ते २००७, म्हणजे जे पोर ११ व्या वर्षी वाचायला लागलं ते शेवटच्या भागापर्यंत २१ चं झालं. पुस्तकंही तशीच मोठी होत गेली, पहिल्याची ब्रिटिश आवृत्ती २२३ पानांची होती आणि पाचवा भाग ७६६ पानांचा, भाषा गडद, मरणं खरी, जादूच्या मंत्रालयातली माणसं खुर्चीसाठी खोटं बोलतात आणि वर्तमानपत्र तेच छापतं. चौथ्या आणि पाचव्या भागाच्या मध्ये ३ वर्षं गेली, त्या ३ वर्षांत लोकांनी आधीचे भाग परत परत वाचले, घरच्यांना वाचायला लावले, पुढे काय होईल यावर भांडले. तुमच्या घरात आज चाललंय ते तेव्हा घराघरात चालू होतं.

आणि शेवटी आईंचं ते वाचून दाखवणं! याच्याकडे कोणी लक्षच देत नाही. मुलांचं पुस्तक हा एकच असा प्रकार आहे जो दोन माणसं एका वेळी वाचतात, एक मोठ्याने आणि एक ऐकत. वाचून दाखवणाऱ्याला कंटाळा आला तर तो पानं गाळतो, आणि ज्या पुस्तकाची पानं गाळावीशी वाटत नाहीत ते नातवंड झोपल्यावरही चालूच राहतं.

प्रश्न: माझा भाचा म्हणतो हे सगळं मार्केटिंग आहे, सिनेमे आले म्हणून मोठी माणसं वाचायला लागली. खरं आहे का?

उत्तर: तारखा बघितल्या तर नाही. जून १९९७ मध्ये ब्लूम्सबरी या प्रकाशन संस्थेने पहिल्या भागाच्या पुठ्ठा बांधणीच्या फक्त ५०० प्रती छापल्या, त्यातल्या बऱ्याच लायब्ररींमध्ये गेल्या. त्याआधी अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं होतं, आणि ब्लूम्सबरीच्या प्रमुखांच्या ८ वर्षांच्या मुलीने पहिलं प्रकरण वाचून पुढचं कुठेय म्हणून हट्ट धरला हा किस्सा प्रसिद्धच आहे. १९९८ मध्येच मोठ्यांसाठी वेगळं, गंभीर कव्हर असलेली आवृत्ती काढावी लागली, कारण ट्रेनमध्ये मोठी माणसं वाचत होती पण रंगीत कव्हर हातात धरायला लाजत होती. २००० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क टाइम्सने मुलांच्या पुस्तकांची बेस्टसेलर यादीच वेगळी केली, कारण हे भाग मोठ्यांच्या यादीतल्या वरच्या जागा अडवून बसले होते. आणि पहिला सिनेमा आला २००१ च्या नोव्हेंबरात. सिनेमांनी आणि जाहिरातींनी आग वाढवली हे भाच्याचं बरोबर आहे, शेवटच्या भागाच्या अमेरिकेत पहिल्या २४ तासांत ८३ लाख प्रती गेल्या त्या काही नुसत्या तोंडी कौतुकाने नाही. पण ठिणगी वाचकांनीच टाकली होती.

शिवाय हे एकाच सिरीजचं नाही. टोल्कीन या इंग्रज लेखकाचं मुलांसाठीचं हॉबिट १९३७ ला आलं, त्याआधी प्रकाशकाने ते आपल्या १० वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं होतं आणि अभिप्रायाबद्दल १ शिलिंग दिला होता. त्याने लिहिलं, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आवडेल. प्रकाशकाने पुढचा भाग मागितला, टोल्कीन लिहायला बसले आणि गोष्ट हाताबाहेर मोठी होत गेली, तिचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज झालं. १९५० च्या दशकात ते छापायचं की नाही हा प्रश्न आला तेव्हा त्यासाठी वडिलांकडे आग्रह धरणारा माणूस कोण, तर तोच रेनर, आता मोठा झालेला, यात हजार पौंडांचा तोटा होऊ शकतो असं वडिलांना आधीच सांगून! मला ही गोष्ट फार आवडते. वाचक मोठा झाला, पुस्तकही मोठं झालं, आणि दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. तेव्हा कुठलं आलंय मार्केटिंग.

प्रश्न: मुलगा ७ वर्षांचा आहे, पहिले दोन भाग संपवलेत, पुढचे सगळे लगेच मागतोय. द्यावेत का?

उत्तर: तिसरा द्या. चौथ्याच्या शेवटाला एका मुलाचा खून होतो आणि तिथून पुढे सिरीजचा रंगच बदलतो, तेव्हा चौथा तुम्ही आधी स्वतः वाचा आणि मग त्याच्याबरोबर मोठ्याने, एकेक प्रकरण. तो घाबरला तर थांबा, पुस्तक कुठे पळून जात नाही, दोन वर्षांनी परत काढा. आणि पाचव्यातलं बॉगर्टवालं प्रकरण आलं की ते वाचताना तुमचाच आवाज कापेल, तेव्हा पाण्याचा ग्लास जवळ ठेवा आणि त्याने विचारलं की आई का रडतेस, तर खरं ते सांगा.