साठेखत आपले, खरेदीखत तिसऱ्याचे

साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) करून विसार (आगाऊ रक्कम) घेतलेल्या मालकाने तीच जमीन तिसऱ्याला विकली, असे सांगणारा पक्षकार आला की करार कायद्याच्या कलम ७३ खालील भरपाईकडे वळण्याआधी त्याला जमीन हवी आहे की पैसे, हे विचारून घ्या. जमीन हवी असेल, तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टखाली कराराच्या प्रत्यक्ष पूर्ततेचा दावा लावताना नंतरच्या खरेदीदारालाही प्रतिवादी करा. मात्र त्याने मोबदला देऊन, सद्भावनेने आणि मूळ कराराची माहिती नसताना खरेदी केली असेल, तर कलम १९ त्याला संरक्षण देते. ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असला, तरी ताबा आपल्या पक्षकाराकडे असल्यास सातबाऱ्यावरील पीक पाहणीचे उतारे पहिल्याच भेटीत मागवा, कारण प्रत्यक्ष ताबा ही कायद्याने माहितीच समजली जाते.

उरलेली रक्कम देण्याची तयारी नुसती दाव्यात लिहून भागत नाही, बँकेचे खातेउतारे जोडा. पर्यायी मागणी म्हणून भरपाई आणि विसाराचा परतावा आरंभीच मागा. पुढे दुरुस्ती करता येते, पण विनाकारण तारखा जातात.

महाराष्ट्रात नवखे वकील हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे लिस पेंडन्सची, म्हणजे मालमत्तेबाबत दावा चालू असल्याची, नोटीस. १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय, दुरुस्ती लागू असलेल्या क्षेत्रात, दावा चालू असताना झालेल्या विक्रीविरुद्ध मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ चा आधार मिळत नाही. पूर्ततेचा दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची आहे. ती करारात पूर्ततेसाठी ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसल्यास नकार कळल्यापासून मोजावी.