दुसऱ्याची ओळ आपल्या गाण्यात घेताना

अरे, तुझ्या नव्या गाण्यात जुन्या गाण्याची ओळ घालायचीय म्हणालास, तर आधी बीटल्सचं १९६७ चं 'ऑल यू नीड इज लव्ह' हेडफोन लावून ऐक. सुरुवातीलाच फ्रेंच राष्ट्रगीत वाजतं. कडव्यात पायाने ताल धर, बहुतेक ठिकाणी सात मात्रा भरतील, आपल्या रूपक तालासारख्या. शेवटी जुन्या जर्मन संगीतकार बाखचा तुकडा येतो, 'ग्रीनस्लीव्ह्ज' हे जुनं इंग्रजी लोकगीत येतं, आणि त्यांचं स्वतःचंच 'शी लव्ह्ज यू'ही. उसनी ओळ इथे लपवलेली नाही, ती ओळखू यावी म्हणूनच घेतलीय. तरीही त्याच शेवटात घेतलेल्या, अमेरिकन बँडवाल्या ग्लेन मिलरच्या 'इन द मूड'च्या तुकड्यासाठी नंतर पैसे मोजावे लागलेच.

खानापूरकडच्या आमच्या भजनात बाबा अभंगाच्या मधेच पुरंदरदासांच्या कानडी पदाची एक ओळ घ्यायचे आणि लगेच अभंगाच्या धृपदावर परत यायचे. ते परत येणं नीट शीक, खरी मेहनत तिथेच आहे.

नकळत उचललेली चाल मात्र वेगळी गोष्ट. बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनच्या 'माय स्वीट लॉर्ड'ची चाल 'ही'ज सो फाइन' या आधीच्या गाण्यासारखी निघाली. १९७६ मध्ये कोर्टाने नकळत केलेली नक्कल म्हणून त्यालाच जबाबदार धरलं. म्हणून चाल सुचली की मोबाइलवर रेकॉर्ड कर, आठवडाभर बाजूला ठेव, मग टिळकवाडीतल्या तुझ्या ग्रुपला शब्दांशिवाय नुसती गुणगुणून दाखव. कुणी दुसरंच गाणं म्हणायला लागला, तर चाल बदल. आणि मुद्दाम घेतलेल्या ओळीच्या मूळ गायकाचं नाव स्टेजवर स्वतः सांग.