एकाच कंपनीत तीन पोस्टवर काम केलंय, रेझ्युमेत कसं लिहू?

कंपनीचं नाव एकदाच लिहा, शेजारी एकूण काळ, समजा २०१६ ते २०२४, आणि खाली पोस्ट उलट्या क्रमाने, आत्ताची सगळ्यात वर, प्रत्येकीसमोर तिचे महिने-वर्ष. मी आधी कंपनीचं नाव तीनदा लिहिलेलं, तर इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न, "एवढ्या नोकऱ्या का बदलल्या?" अहो बदलल्या कुठे, प्रमोशन झालं होतं! ट्रेनी असतानाचं एका ओळीत उरकायचं, टीम लीडचं मात्र नीट, आकड्यांसकट. हां, मधे कामच बदललं असेल, म्हणजे अकाउंट्समधून सेल्सला वगैरे, तर दोन वेगळ्या नोंदी केल्या तरी चालतं. आणि तारखा प्रमोशन लेटर, रिलीव्हिंग लेटरशी जुळवून घ्या, बॅकग्राउंड चेकमधे तिथेच घोळ होतो.