सुट्टी जुन्या वळणाची, पण बेताची

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुलांना जुन्या वळणाची उन्हाळी सुट्टी द्यायची म्हणून केलेली यादीही वाचली: कुरडया, पापड, सांडगी मिरची, विटीदांडू, गच्चीवरची झोप, माठ, करवंदं, कोल्हापूरची भावंडं, आणि खाली अर्धं पान भरून ‘जुन्या काळच्या’ वस्तूंची खरेदी. ते खालचं अर्धं पान आधी फाडून टाक. पितळी तांब्या आणि रंगवलेला पाट विकत आणून काही होत नाही. त्या सुट्टीला एक वळण होतं: सकाळी सगळ्यांच्या हातांना मिळून एकच काम, दुपारी काही नाही, संध्याकाळी अंगण. आणि हेही ध्यानात ठेव की मुलांना ती मोकळी वाटायची, कारण घरातल्या बायका पहाटेपासून राबत असायच्या. तुमच्या घरात ते ओझं एकाच माणसावर पडणार असेल तर उरलेली यादीही निम्मी कर.

तारखा आधी बघ. आपल्या कर्नाटकच्या शाळा साधारण ११ एप्रिलच्या सुमाराला सुटतात आणि मेअखेर भरतात. कोल्हापूरकडच्या मुलांना मेच्या सुरुवातीला सुट्टी लागते, ती जूनच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे सगळी भावंडं एकत्र असण्याचे दिवस फक्त मे महिन्यातले. वाळवणाचं एप्रिलमध्ये उरक, कारण मेमध्ये दुपारी वळवाचा भरवसा नसतो आणि घर भरलेलं असताना उन्हावर लक्ष ठेवायला कुणी रिकामं नसतं. शिवजयंतीही आपल्याकडे वैशाखात येते. बेळगावच्या चित्ररथांच्या रात्री जागरण ठरलेलं असतं, दुसऱ्या दिवशी सकाळचं काम धरू नकोस.

पहिल्या वर्षी कुरडईच्या वाटेला जाऊ नकोस. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक गाळा, रात्रभर बसू द्या, वरचं पाणी ओता, मग शिजवा, आणि एका दिवशी पाणी बदलायचं राहिलं की सगळं आंबूस. साबुदाण्याच्या पापड्या कर. त्यात पाच वर्षांच्या मुलालाही खरं काम मिळतं.

एक वाटी साबुदाणा दोनदा धुऊन, वर बोटभर पाणी ठेवून रात्री भिजत घाल. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात चार वाट्या पाणी उकळ, त्यात चमचाभर जिरं आणि साबुदाणा घाल आणि मंद आचेवर ढवळत राहा. दाण्याच्या पोटातला पांढरा ठिपका पूर्ण जाऊन सगळं काचेसारखं दिसेपर्यंत उतरवू नकोस. ठिपका राहिला तर पापडी वाळताना तडकते आणि तळल्यावर मधोमध कडक लागते. मीठ शेवटी, आणि चाखताना अळणी वाटेल इतकंच. पाणी उडून गेलं की तेवढंच मीठ दुप्पट लागतं. नवख्या माणसाच्या पापड्या खारट होतात त्या इथेच.

पीठ चमच्यावरून सावकाश ओघळलं पाहिजे. फार घट्ट झालं असेल तर गरम पाणी घाल, गार नको. जाड प्लास्टिकवर एकेक चमचा टाकायचा, मध्ये दोन बोटं जागा. पसरायचं नाही, ते आपलं आपण पसरतं. मुलं हमखास चमच्याने गोल फिरवतात, मग कडा कागदासारख्या पातळ होतात आणि सोडवताना तुटतात. एवढं एक सांग, बाकी वाकडं-तिकडं चालू दे. नऊच्या आत घालून संपव. पहिल्या संध्याकाळी ओढून काढायला जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं की कडा आपोआप उचलतात, तेव्हा उलटव. दोन-तीन कडक उन्हं लागतात. मोडल्यावर ‘कट्’ असा आवाज आला तर डब्यात भर, नुसती वाकली तर अजून एक ऊन.

प्लास्टिक जमिनीवर न अंथरता बाजेवर अंथर. पश्चिमेला काळं दिसलं की दोघांनी बाज उचलून आत घ्यायची, एकही पापडी हलत नाही. कावळे राखायची पाळी मुलांची. सावलीत बसून हातात काठी घेऊन काहीच न करणं हे त्यांना सुरुवातीला शिक्षाच वाटेल.

दुपारबद्दल तू विचारलंस की बारा ते चार मुलांना कशात गुंतवायचं. कशातच नाही. पहिले चार-पाच दिवस ‘कंटाळा आला’ ऐकावं लागेल. पत्ते, गजगे, एक जुनी वही आणि दाराशी चटई एवढं समोर असू दे, सुचवू मात्र नकोस. मोबाइल एका डब्यात, तुझाही. मोठ्यांचा हातात राहिला तर मुलांचा काढून घेण्याला अर्थ नाही, आणि हे त्यांना तुझ्या आधी कळतं.

माठ खानापूरकडच्या मातीचा मिळाला तर बघ, तिथलं कुंभारकाम जुनं आणि नावाजलेलं आहे. घेताना बोटाने टिचकी मार. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. घरी आणून दिवसभर पाण्यात बुडवून ठेव, पहिली दोन भरणी झाडांना घाल. साबण कधीच लावू नकोस, माती वास धरते. आठवड्याला नुसत्या काथ्याने घासायचा. ओल्या वाळूवर, वारं लागेल असा ठेव. भिंतीला चिकटवून ठेवलास तर एका अंगाने पाझरतच नाही. वळवाच्या आधी हवा दमट होते तेव्हा माठाचं पाणी फारसं गार होणार नाही. पाझरलेलं पाणी उडून गेलं तरच गारवा येतो आणि दमट हवेत ते उडत नाही. माठ बिघडला म्हणून बदलायला धावू नकोस.

पन्हं सोपं. रायवळ कैऱ्या उकडून गर काढायचा, एक वाटी गराला सव्वा वाटी गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. तो घट्टच फ्रिजमध्ये ठेव आणि एका भागाला तीन-चार भाग माठाचं पाणी घाल. तोतापुरी घेतलीस तर गूळ कमी कर.

विटीदांडू विकतचा नको. बाभळीचा वाळलेला तुकडा कुणा सुताराकडून घे. दांडू दीड फुटाचा, विटी चार-पाच इंच आणि अंगठ्यापेक्षा थोडी जाड. दोन्ही टोकं निमुळती तासायची पण शेंड्याला बोथट करून कानशीने घासायची. लांब विटी टोल्याने उसळत नाही आणि अणकुचीदार विटी डोळा फोडते. गल, म्हणजे विटी ठेवायचा खळगा, करंगळीएवढी खोल पुरे. कोलताना समोर पंधरा पावलांच्या आत कुणी उभं राहायचं नाही, आणि टोलवायच्या पायऱ्यांमधली डोळ्यावर विटी ठेवायची पायरी सरळ गाळून टाक. वकट, लेंड, मूंड, नाल ही त्या पायऱ्यांची नावं; त्यांतले वकट आणि लेंड हे तेलुगूतले एक आणि दोन, आणि नाल म्हणजे चार, तेलुगूत नालुगु, कानडीत नाल्कू. शेजारची कानडी पोरं याला चिन्नीदांडू म्हणतात. त्यांना बोलावलंस की नियमांवरून तास-दीड तास भांडण होईल. मध्ये पडू नकोस, निम्मा खेळ तोच असतो. लगोरीला मात्र दोघांचा शब्द एकच. फुटक्या कौलांचे सात तुकडे उतरत्या आकाराचे निवड, कडा दगडावर घासून घे. टेनिसचा चेंडू वापर, रबरी भरीव चेंडू पाठीला फार लागतो.

गच्चीबद्दल: बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, त्यामुळे एप्रिलमध्येही रात्री वारं सुटतं, पण स्लॅब नऊ-साडेनऊपर्यंत तापलेलाच असतो. पाणी पाच वाजता शिंपडलं तर फुकट जातं. सूर्य मावळल्यावर एक बादली, तीही भाजी धुतलेल्या पाण्याची, गावाला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलेलं असतं. गाद्या नकोत, चटईवर घोंगडं आणि प्रत्येकाला चादर. पहाटे चारला सगळी कुडकुडतात. मुलं मध्ये, मोठी माणसं कठड्याच्या बाजूला. आणि अंथरूण गुंडाळून जिन्यातून खाली कोण नेणार हे झोपायच्या आधीच ठरवून ठेव, कारण वळीव विचारून येत नाही.

खानापूरच्या बाजूला करवंदांना जाणार असाल तर मेच्या मध्याला जा, सकाळी लवकर, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून; जाळीत हात घालण्याआधी काठीने हलवून बघायचं. चिकाने बोटं काळी होतात, त्यावर आधी तेल चोळायचं. काजूची बोंडं खुशाल खाऊ दे, पण ओल्या बिया दाताने फोडू देऊ नकोस आणि घरात चुलीवर भाजू नकोस. टरफलातलं तेल ओठ आणि हात भाजून काढतं, त्याचा धूरही डोळ्यांना सोसत नाही.

कोल्हापूरची मंडळी येण्याच्या आधी पापड्यांचा डबा भरलेला असू दे, आणि तुझ्या मुलांना विटी निदान एकदा तरी धड कोलता येऊ दे. नाहीतर पाहुणे पहिल्याच दिवशी त्यांना हरवतील आणि दुसऱ्या दिवशी ती अंगणात उतरणार नाहीत. बाज उसवलेली असेल तर आत्ताच विणून घे.