क्लिप मारायची घाई नको

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना सिस्टिक डक्ट, म्हणजे पित्ताशयातून निघणारी नळी, क्लिप मारून बंद करायची असते. ती साधारण २ ते ४ सेंटिमीटर लांब, २-३ मिलिमीटर रुंद; पण कधी इतकी आखूड, की पित्ताशय थेट कॉमन डक्टलाच (यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळी) चिकटल्यासारखं दिसतं. नवा रेसिडेंट फसतो तो इथेच. हार्टमन पाउच, म्हणजे पित्ताशयाच्या मानेजवळचा फुगीर भाग, नुसता वर ओढलास, की दोन्ही नळ्या एका रेषेत येतात आणि कॉमन डक्टच सिस्टिक वाटायला लागते. म्हणून फंडस (पित्ताशयाचं टोक) रुग्णाच्या उजव्या खांद्याकडे, पाउच मात्र बाहेर आणि जरा पायाकडे ओढ. मधला कोन उघडतो. यकृताच्या खालच्या बाजूला रूव्हिएरची खाच दिसते, तिच्या वरच राहा. सिस्टिक डक्ट, कॉमन डक्ट आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी पूर्ण साफ कर, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडव. पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, सिस्टिक डक्ट आणि सिस्टिक धमनी, पुढून आणि मागूनही, दिसल्या तरच क्लिप.

डक्टमध्ये खडा जाणवला, तर आधी तो हलकेच पित्ताशयाकडे सरकव. रुग्णाच्या बाजूला दोन क्लिपा, पित्ताशयाकडे एक. क्लिपची टोकं नळीच्या पलीकडे दिसलीच पाहिजेत. नळी सुजून जाड झाली असेल, तर क्लिप पुरत नाही, एंडोलूप, म्हणजे तयार गाठीचा दोऱ्याचा फास, घे. नाहीतर क्लिप सुटून पित्त गळतं, दोन-चार दिवसांत पोट फुगतं, ड्रेन असेल तर त्यात पित्त दिसतं. सगळंच चिकटलेलं असेल, तर सीनियरला हाक मार, सबटोटलवर थांब, म्हणजे पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेव.